कुंथण्याआधी सैल सोडायला शिकव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आता तुझ्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत ‘पोट साफ होत नाही’ म्हणणारे येऊ लागतील. बहुतेकांचं इसबगोल, एरंडेल, रात्रीचं चूर्ण करून झालेलं असेल. त्यांना पुन्हा पालेभाजी आणि पाणी सांगून परत पाठवू नकोस. आधी विचार, खडा होतो म्हणून अडतं, की मऊ असूनही बाहेर येत नाही? मऊ असूनही कुंथावं लागतं, उठल्यावर अजून राहिल्यासारखं वाटतं, कधी बोटाने काढावं लागतं, असं असेल तर अडचण बहुधा दाराशी आहे. बोटाची गोष्ट आपणहून कुणी सांगत नाही. तूच न लाजता विचार.

ओटीपोटाच्या तळाशी असलेला प्युबोरेक्टालिस स्नायू पुढच्या हाडापासून निघून गुदाशयाच्या मागून गोफणीसारखा वळसा घेतो. एरवी तो ताणलेला असतो आणि गुदाशय व गुदमार्ग यांच्यात साधारण ९० अंशांचा कोन राखतो. शौचाच्या वेळी तो सैल पडला की कोन उघडतो. या रुग्णांत मात्र जोर लावताच तो आवळतो, सोबत गुदद्वाराचा बाहेरचा स्नायूही. जितकं कुंथावं तितकी वाट बंद. फिशरच्या, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेच्या, दुखण्याची धास्ती किंवा वर्षानुवर्षं वेग रोखण्याची सवय यामागे असू शकते. शाळेत, प्रवासात धड शौचालय नसलेल्या मुलींना हे नीट विचार.

गुदतपासणी प्रशिक्षण घेऊन आणि रुग्णाच्या संमतीनेच कर. ‘शौचाला बसल्यासारखा जोर लावा’ म्हटल्यावर बोटाभोवतीची पकड सैल व्हायला हवी. घट्ट झाली तर संशय घे, पण तेवढ्यावर निदान करू नकोस. संकोचानेही माणूस आवळून घेतो. पुढे मॅनोमेट्री, म्हणजे गुदमार्गातला दाब मोजणं, आणि फुग्याची चाचणी असते. ५० मिली पाणी भरलेला फुगा साधारण १ मिनिटात बाहेर टाकता यावा.

यांना सरसकट केगेल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, देऊ नकोस. आवळणं त्यांना येतंच, सोडणं येत नाही. गुडघे वाकवून निजवायचं, हात पोटावर. नाकाने श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं आणि त्याच वेळी खालचा भाग सैल सोडायचा. रोज दोनदा, ५ मिनिटं. मग शौचाला बसणं: न्याहारीनंतर अर्ध्या तासात. कमोड असेल तर पायाखाली २० सेंमी उंचीचा पाट, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर. पोट पुढे आणि कंबर बाजूंना फुगवायची, तोंड उघडं ठेवून सावकाश श्वास सोडत हलका जोर. इथे हमखास चुकतं ते पोट आत ओढणं, नितंब आवळणं आणि श्वास कोंडणं. १० मिनिटांत झालं नाही तर उठायचं. मोबाइल बाहेरच राहू दे.

एवढ्याने जमलं नाही तर बायोफीडबॅक. पडद्यावर स्वतःच्या स्नायूचा ताण दिसला की सोडणं उमगतं. सहसा ४ ते ६ सत्रं लागतात. तोवर डॉक्टरांनी दिलेलं रेचक एकदम बंद करायला सांगू नकोस. मल कडक झाला की दुखतं, आणि दुखलं की स्नायू पुन्हा आवळतो. इसबगोल वाढवल्यावर पोट फुगत असेल तर प्रमाण कमी कर.

शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, घरात आतड्याचा कर्करोग, किंवा पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली सवय, यांतलं काही असेल तर व्यायाम नंतर, आधी डॉक्टरांकडे. आणि पाय बधिर होणं किंवा लघवी अडणं सोबत असेल तर त्याच दिवशी पाठव.