बेळगावात पार्सल लॉकर बसवायचे तर जागा कशा निवडाव्यात?

तुम्ही विचारलंय की बेळगावच्या नकाशावर दर किलोमीटरला एक पार्सल लॉकर (कप्प्यांचं कपाट, ज्यातून गिऱ्हाईक ओटीपी टाकून आपलं पार्सल स्वतः काढून घेतं) टाकला तर चालेल का. मी इथे कुरियरच्या डिलिव्हरीचे रूट आखतो. माझ्या मते नाही चालणार.

वस्ती किती दाट आहे ते नंतर बघा, आधी पहिल्या फेरीत परत येणारी पार्सलं कुठली ते काढा. वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांत माग घरातच असतो, दिवसभर कुणी ना कुणी घरी सापडतं, नाहीतर शेजारच्या काकू पार्सल ठेवून घेतात. तिथे लॉकर रिकामाच राहील. उलट उद्यमबागेत शिफ्टला जाणारे कामगार, भाड्याच्या खोल्यांतले विद्यार्थी, टिळकवाडीतले नवराबायको दोघंही नोकरीवाले, यांच्या एकाच पत्त्यावर डिलिव्हरीच्या पोरांना पुन्हा पुन्हा जावं लागतं. पैसा तिथे जातो.

दुसरं म्हणजे अंतर सरळ रेषेत मोजू नका. काँग्रेस रोडवरून टिळकवाडीत जायला रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. नकाशावर तीनशे मीटरवर दिसणारा लॉकर रुळाच्या पलीकडे असला आणि गेट पडलेलं असलं, तर माणूस तिकडे फिरकणार नाही. कामावरून घरी येतानाच्या वाटेवर, घराच्या बाजूला जागा धरा.

गणिताला 1974 साली रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल या संशोधकांनी मांडलेलं कव्हरेज मॉडेल बरं पडतं: ठरावीक संख्येच्या लॉकरमध्ये, चालत जाण्याच्या अंतरात, जास्तीत जास्त मागणी कशी बसेल ते त्यातून निघतं. फक्त मागणी म्हणून माणसं न धरता ती परतणारी पार्सलं धरा. कप्प्यांचा हिशेबही लावा. चाळीस कप्पे असले आणि पार्सल दोन दिवस पडून राहिलं, तर रोज वीसच मावतात. म्हणून पार्सल उचलायची मुदत छोटी ठेवा.

इथला पावसाळा जोराचा असतो. चौथरा उंच हवा, वर पत्रा हवा. पडद्यावर कन्नडसोबत मराठीही हवीच, हे मी आग्रहाने सांगतो. ओटीपी टाकताना वयस्कर माणूस अडला तर पुन्हा येत नाही.

राहिलं कॅश ऑन डिलिव्हरी. लॉकरवर क्यूआर लावता येईल, पण रोखच देणारी गिऱ्हाईकं अजून आहेत. त्यांच्यासाठी लॉकरजवळच्या एखाद्या किराणा दुकानदाराशी कमिशन ठरवून पार्सल त्याच्याकडे ठेवायची सोय करा.