आधी स्वतःची नाडी मोज

अगं,

तुझा मेसेज बघितला. व्यायामशास्त्राच्या कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात एटीपी (स्नायू जी ऊर्जा थेट वापरतात ती), फॉस्फोक्रिएटिन (ती झटकन परत भरून देणारा स्नायूतला साठा) वगैरे बघून डोकं गरगरलं म्हणतेस. गरगरणारच की, माझं पण गरगरलं होतं. आपल्याला वाटतं व्यायामाचं शास्त्र म्हणजे किती सेट किती रेप्स, आणि हातात पडते बायोकेमिस्ट्री.

त्या तीन एनर्जी सिस्टिम्स, म्हणजे स्नायूंना ऊर्जा पुरवायच्या तीन वाटा, पाठ करत बसू नकोस, ग्राउंडवर जाऊन पळून बघ. आधी 100 मीटर जीव खाऊन पळ, मग दम खाऊन एक 400, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास सावकाश. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे डब्यातली कडक भाकरी समज, हात घातला की मिळते पण दहाएक सेकंदात डबा रिकामा. 400 ला शेवटच्या वळणावर पाय दगडासारखे होतात तिथं बिनऑक्सिजनचं ग्लायकोलिसिस, म्हणजे साखर फोडून ऊर्जा काढणं, जोरात चाललेलं असतं, आणि अर्ध्या तासाच्या पळण्याला जवळपास सगळं ऑक्सिजनवरच. फळ्यावर तीन चौकोन काढतात त्यामुळं पोरांना वाटतं एक बंद झालं की दुसरं चालू होतं, तसं नाही, तिन्ही पहिल्या सेकंदापासून चालूच असतात, फक्त कुणाचा वाटा किती ते बदलत जातं.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीची दोन वर्षं मी पोरांना छातीठोकपणे सांगायचो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिडमुळं. कुणीतरी मला सांगितलेलं, मी पुढं ढकललं. मग एका कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत गेलो, 45 किलोमीटरच्या आसपास, गप्पा मारत. गप्पा मारता येतात म्हणजे लॅक्टेट (त्याच लॅक्टिक ॲसिडचं रक्तातलं रूप) फारसं वाढलेलंच नसतं, आणि वाढलं तरी तासाभरात खाली येतं. तरी दोन दिवस जिना उतरताना मी कठडा धरून आई आई करत होतो. मग हे दुखणं आलं कुठून? स्नायू ताणला जात असताना जोर लावतो ना, उतारावर, पायऱ्या उतरताना (तुळजापुरात देवळात जायला पायऱ्या उतराव्याच लागतात, परत आल्यावर देवी हसली असेल), तेव्हा त्याच्या आतल्या धाग्यांना बारीक इजा होते. ते दुखणं 24 ते 72 तासांत जास्तीत जास्त होतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे, मला 45 किलोमीटर लागले.

म्हणून म्हणतो, वही कर. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, अंथरुणातच पडल्या पडल्या पूर्ण 60 सेकंद नाडी मोज आणि लिही. ॲपवर सोडू नकोस, बोटानं मोज. आणि 220 वजा वय हा फॉर्म्युला जिमच्या भिंतीवर असतो तो अंदाज आहे, कायदा नाही. विशीतल्या पोरीचं 200 येतं, पण प्रत्यक्षात 188 पण असू शकतं नि 212 पण, दोघी ठणठणीत.

आपल्या गावात तर ही वही लईच कामाची. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या थंडीत ज्या वेगाला नाडी 150 असते त्याच वेगाला एप्रिलमध्ये ती कितीतरी वर जाते. तू कमजोर झालेली नसतेस, अंग गार ठेवायला रक्त कातडीकडं वळतं, घामानं प्लाझ्मा (रक्तातला पाण्यासारखा भाग) कमी होतो, मग हृदयाला एका ठोक्यात कमी रक्त ढकलता येतं, ते ठोके वाढवून भरून काढतं. एका पोराला मी एप्रिलमध्ये जानेवारीचाच टाइम दिला आणि तो चक्कर येऊन खाली बसला, तेव्हा कळलं. 10 ते 14 दिवस हळूहळू उन्हाची सवय केली की प्लाझ्मा वाढतो, घाम लवकर सुटतो, नाडी खाली येते.

आणि संशोधनाचे निकाल कसे वाचायचे ते जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाकडून शीक. 1953 साली त्यानं लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरना हृदयविकार जास्त, जिने चढउतर करणाऱ्या कंडक्टरना कमी. इथंच थांबून टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण त्याच्या टीमनं पुढं युनिफॉर्मची मापं काढली, आणि ड्रायव्हरच्या पँटी तरुणपणापासूनच कमरेला मोठ्या निघाल्या! म्हणजे फरक सगळा जिन्यामुळंच की माणसंच मुळात वेगळी होती? स्वतःच्याच निकालाला असा चिमटा काढणं मला त्या निकालापेक्षा भारी वाटतं.

रविवारी सहाला ग्राउंडवर ये, ऊन चढायच्या आत. वही आण, सात दिवसांचे आकडे भरलेले पाहिजेत. स्टॉपवॉच माझ्याकडं आहे.



तुझा सर