ध्रुवावरची तीस किलोमीटर उंचीची हवा भर हिवाळ्यात अचानक तापते, हे उपग्रहाला कळतं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, मग तिथली तीस किलोमीटरवरची हवा चार-सहा दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापायला उष्णता येते कुठून? तिथे थर्मामीटर नसताना उपग्रह ते मोजतो कसं? आणि आपल्याकडच्या थंडीशी त्याचा संबंध आहे का?

मी बडोद्यात भौतिकशास्त्र शिकवतो. पीएच.डी.चं माझं काम याच घटनांच्या उपग्रह-नोंदींवर होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उत्तरायण, म्हणजे इथला पतंगांचा सण, जवळ आलं की वर्गातली मुलंही वाऱ्याबद्दल विचारता विचारता इथवर येतात.

आधी उष्णतेचं. ती बाहेरून कुठूनही येत नाही. हवा खाली उतरते, खालच्या जास्त दाबात सापडते आणि दाबली गेल्यामुळे तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं, तेच इथे खंडाएवढ्या प्रदेशावर घडतं. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की साधारण दहा अंशांनी तापते. चार-पाच किलोमीटर उतरली की तुमचे चाळीस-पन्नास अंश झाले. सूर्याची गरजच नाही.

हवा उतरते का, हा खरा प्रश्न. हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरात, म्हणजे साधारण दहा-पंधरा ते पन्नास किलोमीटर उंचीच्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे फिरत असतात, यालाच ध्रुवीय भोवरा म्हणतात. खाली हिमालय-तिबेट, रॉकी अशा मोठ्या उंचवट्यांमुळे आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातल्या फरकामुळे हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा तयार होतात. पश्चिमी वारे असले तरच त्या वर चढू शकतात. वर हवा विरळ होत जाते तशा त्या मोठ्या होत जातात आणि शेवटी समुद्राच्या लाटांसारख्या फुटतात. फुटताना त्या वाऱ्याला मागे खेचतात. वारा मंदावला की हवा ध्रुवाकडे सरकते आणि तिथे साचलेल्या हवेला खाली जाण्यावाचून मार्ग उरत नाही. जपानचे तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये हे गणितात मांडलं. ते स्पष्टीकरण आजही पायाभूत मानलं जातं.

तापण्याची घटना ‘मोठी’ कधी म्हणायची, याची खूण मात्र वाऱ्याची आहे. ६० अंश उत्तर अक्षांशावर, १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे साधारण ३० किलोमीटरवर, सरासरी वाऱ्याची दिशा उलटी झाली पाहिजे. उत्तर गोलार्धात दशकाला साधारण सहा वेळा असं होतं. दक्षिणेत डोंगर आणि जमीन कमी, लाटा दुबळ्या. तिथे मोठी म्हणावी अशी नोंदलेली घटना एकच, सप्टेंबर २००२ ची. तेव्हा भोवऱ्याचे दोन तुकडे झाले आणि ओझोनचं छिद्रही दुभंगलं. उपग्रहांनी टिपलेली ती चित्रं शोधून जरूर पाहा.

आता मोजणीकडे येतो, कारण मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. ही घटना पहिल्यांदा सापडली ती १९५२ मध्ये, बर्लिनला. रिशार्ड शेरहाग हे हवामानशास्त्रज्ञ तिथे हवामानाचे फुगे सोडत होते आणि वरच्या थरातलं तापमान एकाएकी चढलेलं दिसलं. पण फुगा तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो, आणि सांगतो ते एका जागेपुरतंच. ध्रुवावरच्या काळोखात, समुद्रावर, बर्फावर रोज कोण फुगे सोडणार?

उपग्रह तापमान थेट मोजत नाही. तो हवेतून बाहेर पडणारं प्रारण (रेडिएशन) मोजतो. कार्बन डायऑक्साइडचे रेणू १५ मायक्रोमीटरच्या आसपास अवरक्त किरण सोडत असतात, ऑक्सिजनचे रेणू सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) सोडतात, आणि हवा जितकी गरम तितकं हे प्रारण जास्त. रात्र असो की दिवस, ते चालूच असतं. म्हणूनच सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीतही उपग्रह आंधळा होत नाही.

उंची कळण्याची युक्तीही सुंदर आहे. त्या १५ मायक्रोमीटरच्या पट्ट्याच्या मधोमध कार्बन डायऑक्साइड इतका अपारदर्शक असतो की खालून आलेलं प्रारण वाटेतच शोषलं जातं आणि उपग्रहाला वरच्या थराचंच दिसतं. पट्ट्याच्या कडेकडेला जाल तसं खोलवरचं दिसू लागतं. वेगवेगळ्या तरंगलांबींना वाचलं की वेगवेगळ्या उंचीचं तापमान गणिताने काढता येतं. १९६९ च्या निंबस-३ पासून हे सुरू झालं. पुढे १९७८ पासून अमेरिकेच्या हवामान उपग्रहांवर स्थितांबरासाठीचं खास उपकरण गेलं. त्यात कार्बन डायऑक्साइड वायूच्याच कुप्या गाळणीसारख्या बसवल्या होत्या. वर्षानुवर्षांत त्या कुप्यांमधला दाब बदलत गेला, की उपकरण बघत असलेली उंचीही सरकायची. जुन्या नोंदी वापरताना ही दुरुस्ती केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सरळ खाली पाहणाऱ्या या उपकरणांचा तोटा असा की एकेका वाचनात दहा-पंधरा किलोमीटर जाडीच्या थराची सरासरी येते. म्हणून क्षितिजाकडे, वातावरणाच्या कडेकडे पाहणारी उपकरणं आली. जुलै २००४ मध्ये गेलेल्या ऑरा उपग्रहावर असं एक सूक्ष्मलहरींचं उपकरण आहे. ते आपली नजर कडेवरून खालून वर नेतं, साधारण पंचवीस सेकंदांत एक उभा छेद घेतं, आणि दिवसाला सुमारे ३५०० छेद देतं, ८२ अंश दक्षिण ते ८२ अंश उत्तर. माझं बहुतेक काम याच नोंदींवर झालं.

जानेवारी २००९ चा आलेख डोळ्यांसमोर आणा. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर उंची, तापमानाला रंग. सुरुवातीला ५० किलोमीटरच्या जरा वर एक लाल पट्टा आडवा चालतो. स्थितांबराचा माथा तो, नेहमीचा उबदार थर. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हा पट्टा तिरका होऊन खाली झुकतो. ३० ते ४० किलोमीटरवर लालभडक होतं, आणि त्याच वेळी वर, मध्यांबरात, म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थरात, निळं-जांभळं पसरतं, म्हणजे तिथे हवा थंड होते आहे. मग लाल पट्टा विरतो. काही दिवस माथा असा राहतच नाही. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो पुन्हा उगवतो तो थेट ८० किलोमीटरच्या जवळपास, जिथे त्याचं एरवी काही काम नाही, आणि मग हळूहळू आपल्या जागी उतरू लागतो. नुसत्या फुग्यांवर आपण राहिलो असतो तर यातला फक्त तळाचा कोपरा दिसला असता.

वाऱ्याचं मात्र कठीण आहे. खूण वाऱ्याची, पण उपग्रह बहुतेक वेळा तापमानच देतात. वारा त्यातल्या फरकांवरून आणि प्रारूपांच्या मदतीने काढावा लागतो. युरोपचा इओलस, २०१८ ते २०२३, लेसरने थेट वारा मोजत होता आणि जानेवारी २०२१ च्या घटनेत त्याचा खालच्या स्थितांबरापर्यंत उपयोग झाला. ऑरा मुळात पाच वर्षांसाठी पाठवलेला, तो त्याच्या कितीतरी पुढे चालला. अशी कडेकडे पाहणारी उपकरणं थोडीच आहेत आणि त्यांच्या जागी नवी वेळेत जात नाहीत, याची मला खरोखर काळजी वाटते. नोंदींत पडलेलं खिंडार नंतर कुणालाच भरता येत नाही.

आता आपली थंडी. ध्रुवावरचा भोवरा मोडला की त्याचा परिणाम काही आठवड्यांत खालच्या थरांत उतरतो. फेब्रुवारी २०१८ नंतर युरोप गारठला तो याचा ठळक दाखला. पण गुजरात-माळव्यातली थंडीची लाट बहुधा पश्चिमी विक्षोभ निघून गेल्यावर उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांची असते. बडोद्यात पारा दहाच्या खाली गेला की ‘पोलर व्होर्टेक्स’ची बातमी फिरते, तिच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आपल्याशी खरा संबंध वेगळाच आहे, आणि तो आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटरच्याही वर आहे. ध्रुवावर हवा उतरते तेव्हा उष्ण कटिबंधावरचं स्थितांबर थोडं थंड होतं. भरती-ओहोटीसारख्या वातावरणातल्या अर्ध्या दिवसाच्या लाटा बदलतात आणि त्या आयनांबराला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वरच्या थराला, हलवतात. २००९ मध्ये सूर्य अगदी शांत होता, त्यामुळे हे फार स्वच्छ दिसलं: चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास सकाळी इलेक्ट्रॉन वर ढकलले गेले आणि दुपारी उलट झालं. वर गेलेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना जिथे येऊन साचतात तो दाट पट्टा अहमदाबाद-बडोदा-भोपाळच्या आसपासच असतो. जीपीएसचा संदेश या थरातून येताना रेंगाळतो, म्हणून त्याची चूकही याबरोबर वर-खाली होते.

स्वतः पाहायचं असेल तर नासाच्या ‘ओझोन वॉच’ संकेतस्थळावर हवामानाच्या भागात जा. तिथे ६० ते ९० अंश उत्तर, १० हेक्टोपास्कल हे तापमान निवडा आणि २००८-०९ चा हिवाळा उघडा. जानेवारीच्या उत्तरार्धात रेषा जवळजवळ उभी चढलेली दिसेल. तिच्या शेजारीच ६० अंशांवरच्या वाऱ्याचा आलेख उघडा आणि तो शून्याखाली कधी गेला ती तारीख बघा. काही अडलं तर खाली विचारा.