सापळा भरला, तरी आंब्यात अळी का?

प्रश्न (पेडणे): मानकुरादच्या कलमांवर फळमाशीचे सापळे टांगलेत. माश्यांनी ते गच्च भरतात, तरी आंबा कापला की अळ्या. शेजारी दर पंधरा दिवसांनी फवारतो. मीही फवारू का?

उत्तर: सध्या नको. तुमच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉलचा ठोकळा आहे. त्या वासाला फक्त नर येतात. मादी बाहेरच राहते आणि सालीला सुई टोचावी तशी आत अंडी घालते. अळी एकदा गरात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, तुमच्या पोटात मात्र जातं.

सापळा म्हणजे तुमचं घड्याळ समजा. दर रविवारी रिकामा करा, माश्या मोजा, वहीत लिहा. समजा दहा, बारा अशा येत होत्या आणि एकदम साठ आल्या, तर त्याच आठवड्यात हालचाल करायची. झाडाखालचे पडके आंबे रोज वेचून दोन फूट खोल पुरा. त्यातल्याच अळ्या मातीत कोष करतात आणि नव्या माश्या होऊन वर येतात. शेणखताच्या ढिगावर टाकलेत तर माश्या पाळल्यासारखंच! तयार फळ झाडावर पिकू देऊ नका. वळवाचा पाऊस पडला की माश्या वाढतात, तेव्हा काढणी रेंगाळू नये. आणि हो, ठोकळा जुना झाला की आकडा आपोआप घसरतो. माश्या गेल्या असं वाटतं, पण गेलेला असतो तो वास.

पुढच्या मोहोराला तुडतुड्यांसाठी, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या बारीक कीटकांसाठी, मात्र कान लागतात. सकाळी कलमाखाली गेल्यावर पानांवर थेंब पडल्यासारखी टिपटिप ऐकू आली, पानं बोटाला चिकटली, तर चारी बाजूंचे मोहोर तपासा. मोहोरामागे सरासरी पाचच्या वर तुडतुडे असतील तरच फवारा. फुलं पूर्ण उमललेली असताना तेही नको, कारण परागीकरण करणारे कीटकच मरतात.

काजूवर ढेकण्यासाठी, म्हणजे रस शोषणाऱ्या ढेकणासारख्या किडीसाठी, कोवळी पालवी बघा, काळे चट्टे दिसतात. पण बोंडू धरल्यावर औषध मारायचंच झालं, तर आधी कृषी कार्यालयात विचारा. त्याच बोंडांचा हुर्राक, म्हणजे काजूची दारू, तुमच्या घरी निघतो.

शेजाऱ्यांनाही सापळे टांगायला सांगा, माशी कुंपण मानत नाही. चार आठवड्यांची वही घेऊन या, बसून बघू.