कंगव्यातले केस आणि डेंगीचा ऑगस्ट

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे, वय १५. दिवाळीच्या आधीपासून तिचे केस इतके गळताहेत की न्हाणीघराच्या जाळीत रोज गुंता अडकतो. ऑगस्टमध्ये तिला डेंगी झाला होता, पण त्यातून ती पूर्ण बरी झाली. शेजारणीच्या सांगण्यावरून फार्मसीतून बायोटिनच्या गोड गोळ्या आणल्या. डबीवर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. महिना झाला, फरक शून्य. सकाळी चहा आणि दोन पाव खाऊन ती शाळेत जाते, मधल्या सुट्टीत कॅन्टीन, दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी. कपाळावर पुळ्या येतात म्हणून सासूबाई म्हणाल्या, बांगडा उष्ण, तो बंद कर. तो बंद केलाय. आणखी काय देऊ? — एक आई, फोंडा

उत्तर : ताई, अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, डेंगीच्या वाक्यात. जोराचा ताप, मोठं आजारपण किंवा उपाशी राहून केलेलं डाएट, यांचा धक्का केसांना बसतो तो दोन-तीन महिन्यांनी दिसतो. तापाच्या दिवसांत बरेच केस वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग ऑक्टोबरात सगळे एकदम कंगव्यात येतात. तोवर घरातले सगळे ताप विसरलेले असतात आणि दोष शाम्पूला नाही तर बोअरवेलच्या पाण्याला जातो. रोज ५० ते १०० केस गळणं तर एरवीही चालूच असतं. तापानंतरची गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून नवे केस नजरेत भरायला त्याहून वेळ लागतो. मात्र एकाच जागी गोल टक्कल दिसत असेल, तर सहा महिने वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आता बायोटिन. तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाला साधारण २५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि अंडी, शेंगदाणे, कडधान्यं यांतून ते मिळतं. कमतरता क्वचितच आढळते. डबीत त्याच्या चारशे पट आहे. जास्तीचं बहुतेक लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे सगळ्यात मोठं नुकसान पैशांचं म्हणायचं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: एवढं बायोटिन रक्तात असताना थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. डॉक्टर तपासणी सांगतील तेव्हा गोळ्या किमान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये तसं सांगा. मी तर म्हणेन, आजच बंद करा.

मला काळजी वाटते ती लोहाची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. उंची वाढत असते आणि त्यात पाळी. मुलीचा आहार तुम्ही लिहिलाय त्यात लोह कुठून येणार? पाव मैद्याचा. बरोबर चहा, आणि चहातली टॅनिनं जेवणातलं लोह आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. शीत-हुमणातलं नुस्तं, म्हणजे मासे, हा एक आधार होता, त्यातला बांगडा सासूबाईंनी काढून घेतला. बांगड्याने पुळ्या येतात याला काही आधार नाही. त्यात प्रथिनं आहेत, ब-१२ आहे, ड जीवनसत्त्व आहे, अंगाला हवी असलेली चरबी आहे. सासूबाईंचा मान राखून सांगते, बांगडा परत आणा. तारले मिळाले तर तेही.

हिमोग्लोबिन करून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना विचारून फेरिटिनही करा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं तरी साठा रिकामा असू शकतो, आणि फेरिटिन साठ्याचा आकडा सांगतं. तापात किंवा ताप नुकता गेल्यावर ते फसवं वाढलेलं दिसतं, म्हणून मुलगी ठणठणीत असताना करा. आणखी एक विचारा, तेही रागावून नको: शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती ती गिळते की बाकाखाली टाकते? सरकारी आणि अनुदानित शाळांत ही योजना आहे. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून मुली ती टाकून देतात. काळं होणं निरुपद्रवी आहे आणि गोळी जेवल्यावर घेतली की मळमळ बरीच कमी होते. ऑगस्ट आणि फेब्रुवारीत जंताची गोळी देतात, तीही चुकवू नका. जंत असतील तर खाल्लेलं लोह तिच्या वाट्याला कमी येतं.

ताटात फार उलथापालथ नको. चहा खाण्यापासून तासभर दूर ठेवा, शाळेतून आल्यावर द्या. पाव हवाच असेल तर पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोई घ्या, कोंड्याचा पाव. दुपारी आठवड्यातून तीनदा तांबडी भाजी (लाल माठ) किंवा मशिंगाचा (शेवग्याचा) पाला, वर खोबरं. अळसांद्यांच्या (चवळीच्या) तोंडाकावर, म्हणजे रस्सा-उसळीवर, लिंबू पिळा. भाजीतलं लोह क जीवनसत्त्वाबरोबर जास्त शोषलं जातं. पेरूचा मोसम असेल तेव्हा जेवल्यावर एक पेरू. उन्हाळ्यात काजूची बोंडं, त्यांत संत्र्याच्या कितीतरी पट क असतं, आणि आपण ती फेणीसाठी सोडून देतो. आठवड्यातून एकदा तिसऱ्या (शिंपले): लोह, जस्त आणि ब-१२ एकाच सुक्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि श्रावणात घर शिवराक (शाकाहारी). त्या दिवसांत अंडी चालत असतील तर अंडी, नाहीतर दूध-दही आणि रोज एक कडधान्य. जूनमध्ये सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर मी स्वतः चुकवत नाही, पण ते खारट असतं. ते तोंडी लावणं म्हणूनच.

आणि कपाळावरच्या पुळ्या? न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांना तेल चोपडून ती तशीच झोपते का, ते बघा. खोबरेल कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजतात. तेल लावायचं तर न्हाण्यापूर्वी तासभर, आणि उशीचा अभ्रा वरचेवर धुवा.

प्रश्न : मॅडम, मी १७ वर्षांचा. तीन महिन्यांपासून जिमला जातो, व्हे प्रोटीनचे (दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचे) रोज दोन स्कूप घेतो. पाठीवर आणि गालांवर मोठे फोड आलेत. मित्र म्हणतो व्हिटॅमिन ए आणि बी-कॉम्प्लेक्स घे. कोणतं चांगलं? — वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्ही नको. बी-कॉम्प्लेक्समधल्या ब-१२ चे मोठे डोस काही जणांचे मुरूम भडकवतात. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि अति झालं तर केसच गळू लागतात, डोकं दुखतं. मुरुमांवर त्याच कुळातलं जोरदार औषध आहे, पण ते त्वचारोगतज्ज्ञ रक्त तपासून देतात.

तुझा व्हेचा डबा आधी बाजूला ठेव. व्हेमुळे मुरूम वाढलेले अनेक तरुण डॉक्टरांच्या पाहण्यात आहेत. दोन महिने बंद करून बघ, त्यात काही हरवणार नाही. तुझ्या वयाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करतोस म्हणून थोडी जास्त धर. दोन अंडी १२ ग्रॅम, नुस्त्याचे शंभर ग्रॅम तुकडे २० च्या आसपास, वर वरण, दही, उकडलेले चणे. पाकिटावर खर्चलेले पैसे बाजारात नुस्त्यावर खर्च. दुसरं, कोल्ड्रिंक आणि बेकरीतली गोड बिस्किटं कमी कर. साखर भराभर रक्तात चढते तेव्हा इन्सुलिन वाढतं, त्याने तैलग्रंथी जास्त काम करतात. जिममधून आल्यावर घामाचा टी-शर्ट अंगावर वाळू देऊ नकोस, इथल्या दमट हवेत तर नाहीच.

फार्मसीवाल्याने गोरेपणाची म्हणून एखादी ट्यूब दिली असेल तर ती दाखवल्याशिवाय लावू नकोस. अशा मिश्र मलमांत बरेचदा स्टिरॉइड असतं. आठवडाभर चेहरा तुकतुकीत होतो, मग पातळ, लाल आणि आणखी पुळ्यांनी भरतो. आणि मोठे, दुखणारे फोड वण सोडून जातात, तेव्हा तू आहाराची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. घरी बहिणीला असेच फोड असतील आणि पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तिलाही घेऊन जा.

प्रश्न : नात १४ वर्षांची, अचानक पूर्ण शिवराक झाली, दूधही नको म्हणते. मी तिला नाचण्याचं तिझण (गोड पेज) देते. पुरेल का? — आजी, काणकोण

उत्तर : आजी, तिझण चालू ठेवा. १०० ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे हाडांना हातभार लागतो, पण तेवढ्याने पुरं होत नाही. गूळ बेताने. पण ब-१२ कोणत्याही धान्यात नाही, भाजीत नाही. तिने दूध-दही घेतलंच नाही तर डॉक्टर सांगतील ती ब-१२ ची गोळी तिला घ्यावी लागेल. मघाशी म्हापशाच्या मुलाला नको म्हटलं होतं तेच हे जीवनसत्त्व, पण इथे त्याची गरज आहे. आधी ताकापुरती तरी तयार होते का ते बघा.