ताप उतरल्यावर गोळ्या किती दिवस?

प्रिय डॉक्टर,

ताप उतरल्यावरही अँटिबायोटिकच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या, हा तुझा प्रश्न वाचला आणि कापूस वेचणीच्या हंगामातली एक बाई आठवली. न्यूमोनियाचा पाचवा दिवस, ताप दोन दिवसांपासून नाही, श्वास शांत. "ताप उतरला, आता गोया कायले खाऊ?" तिनं विचारलं. मी रागावलो. कोर्स अर्धा सोडला की जंतू माजतात, हेच शिकलो होतो. पण बरोबर तीच होती. पुढचे पाच दिवस मी निव्वळ सवयीनं लिहिले होते.

जास्तीच्या दिवसांत औषध आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंवर चालत राहतं आणि त्यांतले दाद न देणारे तेवढे वाढतात. 2004 साली आपल्याच देशातल्या 2,188 लहान मुलांचा अभ्यास छापून आला. साध्या न्यूमोनियाला अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तीन दिवस दिलं काय नि पाच दिवस दिलं काय, बरी होणारी मुलं जवळपास सारखीच निघाली. रक्तात जंतू असलेल्या रुग्णांनाही सात दिवस चौदाइतकेच पुरतात, हे 2024 मध्ये दिसलं. मात्र त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे रुग्ण घेतले नव्हते. तो रक्तात सापडला तर निदान चौदा दिवस, बहुधा त्याहून जास्त.

म्हणून सगळ्यांनाच कमी दिवस देऊ नकोस. क्षयाला महिने लागतात, तिथे एक गोळीही चुकू देऊ नकोस. स्ट्रेप्टोकोकस जंतूनं घसा आलेल्या पोराला पेनिसिलिनच्या गोळ्या दहा दिवस, कारण काळजी त्याच्या हृदयाच्या झडपांची आहे.

तिसऱ्या दिवशी रुग्णाला परत बघच. येणं जमत नसेल तर आशाताईला श्वास मोजायला पाठव. ताप तसाच असेल तर दिवस वाढवून भागणार नाही, कारण शोध. कुठे पू साठलाय का? तो बाहेर काढावा लागेल. पावसाळ्यात शेतातून आलेल्याची काख, जांघ उघडून पाहा. काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप, समज. त्यावर अमॉक्सिसिलिन महिनाभर दिलंस तरी उपयोग नाही, डॉक्सीसायक्लिन सात दिवसांत काम करतं.

आणि गोळ्या सुरू करतानाच केस पेपरवर बंद करायची तारीख लिही, मोठ्या अक्षरात. घरच्यांना तोंडी सांग. मोजून तेवढ्याच गोळ्या दे. उरलेल्या डब्यात जातात आणि पुढच्या तापात दुसऱ्याच लेकराला दिल्या जातात. मी पाहिलंय ते.

तुझा,
सर