बाबांना सीओपीडी (फुफ्फुसाच्या नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, दोन वाक्यं बोलली की दम लागतो. फिजिओने झूमवर गाण्याचं सेशन सुचवलंय, खरंच काही होतं का की टाइमपास?

मी स्वतः सीओपीडीची पेशंट, वय ६१, ऐरोलीला राहते. आयुष्यात कधी बिडी-सिगरेट ओढली नाही हो, साताऱ्याकडच्या घरी लहानपणापासून फुंकणी घेऊन चुलीपुढे बसले त्याची ही कमाई. सांगितलेलं बरं, कारण आजाराचं नाव काढलं की लोक आधी तेच विचारतात.

गेलं सव्वा वर्ष दर मंगळवारी सकाळी अकराला मी झूमवर गाते. दम लागणारा माणूस गाणार कसा, हे मीही फिजिओ मॅडमना विचारलं होतं, तेही जरा चिडूनच. त्यांनी उलट विचारलं, काकू तुम्हाला श्वास घ्यायला त्रास होतो की सोडायला? मी म्हटलं घ्यायलाच, हे काय विचारणं झालं. तर तसं नसतं. या आजारात नळ्या अरुंद होतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि आपण घाबरून वर पुढचा श्वास घेतो, म्हणजे भरलेल्या डब्यात अजून पीठ कोंबायचं. छाती फुगलेली ती फुगलेलीच, खांदे कानाला लागलेले. आणि गाणं म्हणजे शेवटी काय, श्वास मोजून मापून बाहेर सोडणं. शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास सोडायला बाबांना शिकवलं असेलच, गाणं त्याच जातीचं, फक्त तो व्यायाम मी दोन मिनिटांत सोडून द्यायचे आणि गाताना अर्धा तास कधी जातो कळत नाही.

पहिल्या दिवसापासून गाणं नसतं. आधी बोटाला ऑक्सिमीटर, मग मान, खांदे मोकळे करायचे, मग 'स्स्स', 'झ्झ्झ', तोंड मिटून गुणगुणणं. शेजारच्यांना वाटलं असेल घरात मधमाश्या झाल्यात. मग दोन-तीन सोपी गाणी. आमच्याकडे एक गंमत झाली, ग्रुपमधल्या एकांनी हौसेने जुनं भावगीत घ्यायला लावलं आणि दुसऱ्याच ओळीला सगळे गार, ओळी लांब, मध्ये थांबायला जागाच नाही. अभंगाला तसं होत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि मग चार अक्षरं, दर तुकड्याला थांबता येतं, शिवाय टाळ वाजवणाऱ्याने दम खाल्ला तरी कुणी नावं ठेवत नाही. जात्यावरच्या ओव्या पण तशाच, जातं ओढताना म्हणायच्या म्हणजे बाईच्या दमाचा हिशोब त्यात आपोआप आला असणार असं आपलं माझं मत. आणि पट्टी खाली घ्या. मी पूर्वी भजनी मंडळात पेटीच्या काळी पाचला म्हणायचे, आता पांढरी चारवर आलेय, सुरुवातीला रडू आलं होतं त्याचं.

आता खरं ते पण ऐका. फुफ्फुस याने बरं होत नाही. माझा फुंकायच्या टेस्टचा रिपोर्ट होता तसाच आहे. जिना चढताना दम लागतोच, पण लागल्यावर जी तारांबळ उडायची ती कमी झाली, कुठे थांबायचं आणि श्वास कसा सोडायचा ते अंगात बसलंय. इनहेलर एक दिवस पण सोडलेलं नाही, कुणी सोडा म्हटलं तर तो क्लास सोडा.

परदेशात यावर बरंच काम झालंय. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये सीओपीडीच्या पेशंटना गाणं शिकवून पाहिलं, २०१० च्या सुमाराला. डेन्मार्कमध्ये २७० पेशंट घेऊन १० आठवडे निम्म्यांना नेहमीचा व्यायाम आणि निम्म्यांना गाणं दिलं, तर सहा मिनिटांत किती चालता येतं या टेस्टमध्ये गाणारे मागे पडले नाहीत, हे २०२२ मध्ये छापून आलं. पण ते समोरासमोर बसून होतं. ऑनलाइनचं म्हणाल तर इंग्लिश नॅशनल ऑपेरा या तिकडच्या संगीतनाटकं करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये अंगाईगीतं घेऊन सुरू केलं, त्याची १५० लोकांवर तपासणी झाली आणि मनाची अवस्था व थोडाफार दम यात फरक दिसला. मात्र ते लोक कोविडनंतर दम राहिलेले होते, सीओपीडीचे नाही, तेव्हा त्याचा दाखला जसाच्या तसा आपल्याला लावू नका.

ऑनलाइनची खोट एकच. आवाज मागेपुढे पोचतो, सगळ्यांनी माइक चालू ठेवून गायलं तर नुसता भाजीबाजार. म्हणून मॅडम सोडून सगळे म्यूट. मला पहिल्या दिवशी हे फार विचित्र वाटलं, आठ चौकोनात आठ तोंडं हलतायत आणि ऐकू येतोय आपलाच फाटका आवाज. पण आता वाटतं म्यूट होतं म्हणूनच मी टिकले. हॉलमध्ये चार लोकांसमोर खोकला आला असता तर दुसऱ्या दिवशी गेलेच नसते. आणि ठाणे स्टेशनचा पूल चढून क्लासला जायचं तर तिथेच निम्मा दम संपतो. शेवटची दहा मिनिटं माइक उघडतात, तेव्हा गप्पा, कुणाच्या खिडकीत किती धूळ आली, मुंब्र्याचे एक काका ऑक्सिजन देणाऱ्या मशीनची (कॉन्सन्ट्रेटरची) नळी नाकाला लावूनच बसतात, सगळ्यात जास्त जोक तेच मारतात.

बाबांना सुरू करायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ऑक्सिजन कितीच्या खाली गेला की थांबायचं तो आकडा पण लिहून घ्या. ताप असेल, कफाचा रंग बदलला असेल, दम रोजच्यापेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी सुट्टी. पोटभर जेवून बसवू नका, खाली मांडी घालून पण नको, सरळ पाठीची खुर्ची द्या, जवळ कोमट पाणी. ब्लूटूथचा हेडफोन काढून टाका, त्याने आवाज अजून उशिरा येतो.

घरात कुणीतरी असू द्या, कारण काही झालं तर स्क्रीनवरच्या मॅडम काही करू शकत नाहीत. पण पहिले दोन-तीन मंगळवार खोलीत जाऊन बसू नका, दार लोटून घ्या आणि स्वयंपाकघरात काहीतरी करत बसा. माझा मुलगा कौतुकाने व्हिडिओ काढायला आला होता, मी त्या दिवशी एक ओळ म्हटली नाही.